सुंदर, पण कुणासाठी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ज्यांची चित्रं भिंतीवर लागतात, ज्यांची प्रदर्शनं भरतात, अशांपैकी मी नाही. मुंबईतल्या एका कापडगिरणीच्या डिझाइन खात्यात मी अकरा वर्षं नोकरी केली. काम एकच. साड्यांवरची आणि चादरींवरची फुलं काढायची. हे फूल एकदाच काढून भागत नाही. ते कापडावर पुन्हापुन्हा यावं लागतं आणि एक तुकडा कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला, हे बघणाऱ्याला कळता कामा नये. त्याला आम्ही ‘रिपीट’ म्हणायचो. छपाईच्या तांब्याच्या रुळाचा घेर जेवढा, तेवढ्यात फूल, पान, देठ सगळं बसवायचं आणि सांधा लपवायचा. आमची सगळी कला त्या सांध्यात असे.

आमच्या खात्यात एक जुनं, पानं सुटलेलं पुस्तक होतं. त्यात विल्यम मॉरिस नावाच्या एका इंग्रजाच्या नक्ष्यांचे फोटो होते. नवा माणूस लागला की मुख्य डिझायनर ते पुस्तक त्याच्यापुढे टाकत आणि म्हणत, ‘‘यातला सांधा शोधून दाखव.’’ मी दोन दिवस शोधत होतो. वेली एकमेकींत अशा गुंतलेल्या की बोट ठेवावं तिथून ते पुढे घसरतं. तिथे मॉरिसची माझी ओळख झाली. आज त्याच्याविषयी आणि त्याच्या काळात युरोपात कलेची जी मोठी घुसळण झाली, तिच्याविषयी बोलायचं आहे. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात एक प्रश्न गेली चाळीसहून अधिक वर्षं आहे, तो मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

गोष्ट सुरू होते १८५१ साली. त्या वर्षीच्या १ मे रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये एक अवाढव्य प्रदर्शन उघडलं. त्यासाठी लोखंड आणि काचेचा एक महालच उभारला होता. साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर लोक ते पाहून गेले. जगभरचा माल तिथे मांडला होता आणि यंत्रयुगातल्या इंग्लंडचा तो मोठा अभिमानाचा क्षण होता. पण डोळस माणसांना तिथे एक गोष्ट खटकली. यंत्रामुळे नक्षीकाम स्वस्त झालं होतं, म्हणून जिकडेतिकडे नक्षीच नक्षी थापली होती. कात्रीला पानं, दिव्याला देवदूत, गालिच्यावर तर पायाखाली तुडवायला खरेखुरे वाटावेत असे गुलाबांचे गुच्छ! ओवेन जोन्ससारख्या जाणकारांना त्या गर्दीत समाधान लाभलं ते भारताच्या दालनात. आपल्या कापडावरची वेल कापडासारखी सपाट राहते, रंग एकमेकांशी भांडत नाहीत, हे त्याने पुढे १८५६ सालच्या आपल्या ग्रंथात आवर्जून दाखवून दिलं.

मॉरिस तेव्हा सतरा वर्षांचा होता. घरच्यांबरोबर तो प्रदर्शनाला गेला खरा, पण आत जायला तयार होईना, बाहेरच बसून राहिला, अशी गोष्ट सांगतात. मुलगा श्रीमंत घरातला. वडील लंडनच्या पैशाच्या बाजारातले दलाल. डेव्हनमधल्या एका तांब्याच्या खाणीत त्यांचे शेअर होते आणि त्या खाणीने घराला धन दिलं. ही खाण लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

पुढे मॉरिस ऑक्सफर्डला गेला. तिथे एडवर्ड बर्न-जोन्स हा जन्माचा मित्र त्याला भेटला आणि दोघांच्या हाती जॉन रस्किनचं लेखन पडलं. रस्किनने व्हेनिसच्या इमारतींवर लिहिताना एक साधी पण खोल गोष्ट मांडली होती. मध्ययुगातल्या देवळांवरचं कोरीवकाम ओबडधोबड दिसतं, कारण कोरणारा माणूस तिथे आपल्या मनाने काम करत होता. आजच्या कारखान्यातला माल बिनचूक असतो, कारण तिथे माणसाचंच हत्यार करून टाकलेलं असतं. म्हणजे वस्तूकडे पाहताना ती दिसते कशी एवढंच पाहू नका, ती करताना करणाऱ्याला आनंद होत होता का, हेही विचारा. मॉरिसने हा प्रश्न आयुष्यभर सोडला नाही.

लग्न झाल्यावर त्याने फिलिप वेब या मित्राकडून लंडनजवळ घर बांधून घेतलं. १८६० साली ते पुरं झालं. लाल विटांचं, वर गिलावा नाही, म्हणून नाव ‘रेड हाउस’. मग घरात ठेवायला सामान शोधू लागला, तर बाजारात मनाजोगी एक खुर्ची मिळेना. तेव्हा मित्रमंडळींनीच टेबलं केली, भिंती रंगवल्या, पडद्यांवर भरतकाम केलं. त्या हौसेतूनच १८६१ साली एक कंपनी निघाली. रंगीत काचा, टाइल्स, खुर्च्या, भिंतीला लावायचे छापील कागद, पडद्यांचं कापड, गालिचे, असं सगळं ती करू लागली. घरातली रोजची वस्तू ही चित्राइतकीच कला आहे, हा विचार या दुकानातून इंग्लंडभर पसरला. पुढे या चळवळीला ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ हे नाव पडलं.

माझ्यासारख्या कापडवाल्याला मॉरिसची सगळ्यांत भावलेली गोष्ट म्हणजे त्याचं रंगवेड. १८५६ साली पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने डांबरापासून जांभळा रंग काढला आणि रासायनिक रंगांचा पूर आला. रंग झगझगीत, पण त्या काळी ते भराभर विटत आणि विटताना आणखी कुरूप होत. मॉरिस म्हणाला, मला जुने वनस्पतींचे रंग हवेत. पण ते करायचे कसे, हे ज्ञान इंग्लंडात जवळजवळ बुडालं होतं. तेव्हा तो लीक या गावी थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे गेला आणि जुनी पुस्तकं समोर ठेवून दोघं हौदाशी उभे राहिले. नीळ, मंजिष्ठ, अक्रोडाची सालं. मॉरिसचे हात कोपरापर्यंत निळे झालेले असत आणि ते तसेच घेऊन तो लंडनला परत येई. याच वॉर्डलने आपल्या टसर रेशमावर रंग नीट कसा बसवावा याचा मोठा अभ्यास केला आणि १८८५-८६ मध्ये तो बंगालमध्ये रेशमाची पाहणी करायलाही येऊन गेला.

१८८१ साली मॉरिसने लंडनच्या दक्षिणेला मर्टन ॲबी इथे वँडल नदीच्या काठी स्वतःचा कारखाना थाटला. तिथे १८८३ साली ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे कापड छापलं गेलं. मॉरिसच्या गावाकडच्या घरी बागेत थ्रश पक्षी जाळीखाली शिरून स्ट्रॉबेऱ्या पळवायचे, माळी वैतागायचा आणि मॉरिसला गंमत वाटायची. तेच चोर त्याने कापडावर बसवले. गडद निळ्या जमिनीवर वेली, फुलं आणि चोचीत लाल फळ धरलेले ठिपक्याठिपक्यांचे पक्षी.

आता ते छापायचं कसं, ते ऐका. आधी सबंध कापड निळीच्या हौदात बुडवायचं. हौदातून निघताना ते हिरवट पिवळं असतं, हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. मग लाकडी ठशाने, जिथे पांढरं किंवा फिकं हवं, तिथे रंग खाणारं द्रव्य लावायचं. धुवायचं. मग मंजिष्ठेत असतो तो अलिझारिन लाल. पुन्हा धुवायचं. मग वेल्ड नावाच्या रोपाचा पिवळा. निळ्यावर पिवळा पडला की हिरवा. एकेका रंगाचा ठसा हाताने, मापात, एकाशेजारी एक बसवायचा. सगळं व्हायला कित्येक दिवस लागत.

मी गिरणी सुटल्यावर पुष्कळ वर्षांनी, मुलगी लंडनला होती तेव्हा, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ते कापड प्रत्यक्ष पाहिलं. जुन्या पुस्तकातला काळापांढरा फोटो अचानक रंगात समोर आला. मी सवयीने सांधा शोधायला लागलो. मग कळलं, की या कंपनीच्या सुती कापडांत हे सर्वांत महागड्यांपैकी एक होतं. ते वाचलं आणि मला आमचा तात्या आठवला.

तात्या आमच्या छपाई खात्यात जॉबर होता. रत्नागिरीकडचा माणूस, नखं कायम कुठल्या ना कुठल्या रंगाची. एकदा गावाहून परत आल्यावर त्याने मला एक फोटो दाखवला. म्हणाला, ‘‘डिझाइनसाहेब, हे बघा तुमचं फूल. आमच्या मंडळींच्या अंगावर.’’ गिरणीच्या दुकानातून स्वस्तात घेतलेली डागी साडी होती. मी काढलेली जास्वंदी तिच्या पदरावर होती. मला फार बरं वाटलं. मग तो सहज म्हणाला, ‘‘तीन महिने छापत होतो हे कापड, पण फूल काही बघितलं नव्हतं. मशिनवर कापड इतकं जोरात जातं, की नुसता रंग दिसतो. मी बघतो फक्त सांधा सुटतोय का. फूल घरी गेल्यावर बघितलं.’’

श्रोतेहो, हाच तो प्रश्न. मॉरिसचं कापड छापणाऱ्याला फूल दिसत होतं. पण त्या कारागिराच्या बायकोला ते पडद्यालासुद्धा परवडत नव्हतं. माझं फूल तात्याच्या बायकोला परवडलं. पण ते छापताना तात्याला ते दिसत नव्हतं. यांपैकी सुंदर कुठलं म्हणायचं?

मॉरिसला हे कळत नव्हतं असं समजू नका. त्याच्याइतकं ते कुणालाच टोचलं नसेल. एका धनाढ्य कारखानदाराच्या घराची सजावट चालू असताना तो एकटाच येरझारा घालत पुटपुटत होता. यजमानाने विचारलं, काय झालं? तर मॉरिस उसळून म्हणाला, की श्रीमंतांच्या चैनीची चाकरी करण्यात माझा जन्म चालला आहे! ज्या वर्षी ‘स्ट्रॉबेरी थीफ’ छापलं, त्याच १८८३ साली तो समाजवाद्यांच्या संघटनेत दाखल झाला. पन्नाशीला आलेला हा नामवंत कवी आणि दुकानदार रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून कामगारांपुढे भाषणं करू लागला. १३ नोव्हेंबर १८८७ रोजी ट्रफाल्गर चौकात पोलिसांनी निदर्शकांना झोडपलं, तेव्हा तोही त्या मोर्चात होता.

पण त्याचं आयुष्य या विसंगतीतून सुटलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. मर्टन ॲबीत हवा चांगली होती, पगार बरे होते, पण नक्षी मॉरिसच काढी. बाकीच्यांच्या वाट्याला बहुतेक वेळ तीच ती छापण्याचं काम येई. शेवटी त्याने छापखाना काढला. त्याचं मोठं पुस्तक, चॉसर या जुन्या कवीचं, १८९६ साली निघालं. कागदावरच्या प्रती ४२५ आणि किंमत २० पौंड. त्या काळच्या कुशल कामगाराची कित्येक आठवड्यांची मजुरी! त्याच वर्षी ऑक्टोबरात मॉरिस गेला.

आणि ती खाण? डेव्हनच्या त्या खाणीतलं तांबं कमी होत गेलं, तेव्हा तिथून आर्सेनिक काढू लागले आणि जगातल्या मोठ्या आर्सेनिक-उत्पादकांत तिची गणना होऊ लागली. मॉरिस १८७१ ते १८७५ तिच्या संचालक मंडळावर होता. २००३ साली एका शास्त्रज्ञाने मॉरिसच्या अगदी सुरुवातीच्या एका भिंतीकागदाचा नमुना तपासला, तर त्यातल्या रंगात आर्सेनिक निघालं. मॉरिसला खाली ओढण्यासाठी मी हे सांगत नाही. मनाने इतका स्वच्छ असलेल्या माणसालाही आपल्या वस्तूमागचे सगळे हात दिसत नव्हते, एवढंच मला म्हणायचं आहे.

त्या हातांत आपलेही होते. युरोपच्या बाजारात त्या शतकात जाणारी नीळ फार मोठ्या प्रमाणात बंगाल-बिहारची असे. ती पिकवायला शेतकऱ्याला जबरदस्तीने लावत. १८५९-६० मध्ये बंगालचे शेतकरी त्याविरुद्ध उठले आणि दीनबंधू मित्रांनी ‘नीलदर्पण’ नाटक लिहिलं. म्हणजे निळीचा रंग इंग्लंडच्या दिवाणखान्यात पोचेपर्यंत त्याची एक किंमत इकडे वसूल झालेली असे.

मॉरिसने भारताबद्दल बोललं नाही असं मात्र नाही. १८७९ साली बर्मिंगहॅमच्या भाषणात त्याने स्पष्ट सांगितलं, की आपलं राज्य आणि आपला व्यापार हिंदुस्थानातल्या कारागिरीचा नाश करतो आहे आणि आपण तिथे तिच्या जागी स्वस्त, वाईट माल नेऊन ओततो आहोत. त्याच वर्षी त्याने, बर्न-जोन्सने आणि इतर काही कलावंतांनी मिळून जॉर्ज बर्डवूडला भारतीय कारागिरीच्या बाजूने एक जाहीर पत्र दिलं. हा बर्डवूड जन्माने बेळगावचा. मुंबईत डॉक्टरकी शिकवता शिकवता त्याला इथल्या हस्तकलांचं वेड लागलं आणि १८८० साली त्याने भारतातल्या हस्तोद्योगांवर मोठा ग्रंथ लिहिला.

मुंबईशी दुसरा धागा तर घरगुती नात्याचा आहे. १८६५ साली जॉन लॉकवूड किपलिंग हा इंग्रज कारागीर जे. जे. कला शाळेत शिकवायला आला. त्याची बायको आणि बर्न-जोन्सची बायको या सख्ख्या बहिणी. त्यामुळे त्याचा मुलगा रुडयार्ड लहानपणी सुट्टीत मावशीकडे राहायला जाई, तेव्हा तिथे येणारा दाढीवाला मॉरिस त्याचा ‘टॉप्सी काका’ असे. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले मंडईच्या दारावर धान्य आणि फळं घेऊन चाललेल्या माणसांची जी उठावाची शिल्पं आहेत, ती या लॉकवूडच्या कल्पनेतली. राजेराणी नाहीत, राबणारी माणसंच आहेत. भाजी घ्यायला गेलात, तर एकदा मान वर करून बघा.

आता इंग्लंडमधून युरोपात जाऊ. मॉरिसचा विचार तिकडे पोचला आणि बदलला. बेल्जियममध्ये व्हॅन द व्हेल्डे हा तरुण चित्रकार त्याच्या लेखनाने इतका भारला गेला, की चित्रं सोडून खुर्च्या-टेबलं करायला लागला. १८९५ साली त्याने स्वतःचं घर बांधलं, तर त्यातल्या भांड्याकुंड्यांपासून बायकोच्या कपड्यांपर्यंत सगळं स्वतः आखलं. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसमध्ये सिगफ्रीड बिंग या व्यापाऱ्याने एक दुकान उघडलं. जपानी चित्रं आणि भांडी विकण्यात त्याची हयात गेलेली. नव्या दुकानाचं नाव त्याने ठेवलं ‘आर नूव्हो’, म्हणजे नवी कला. सबंध चळवळीला तेच नाव चिकटलं. जर्मनीत तिला एका मासिकावरून नाव पडलं, तर इटलीत लंडनच्या लिबर्टी नावाच्या दुकानावरून. जागोजागी नाव निराळं, पण ओळख एकच. वेलीच्या टोकासारखी, चाबूक फटकारल्यासारखी वळत जाणारी रेघ.

पण मॉरिसहून एक मोठा फरक होता. मॉरिसला यंत्रयुगाचा तिटकारा होता. या नव्या मंडळींनी लोखंड जवळ केलं. ब्रुसेल्सचा व्हिक्टर ओर्टा याने १८९३ साली एका घरात जिन्याशी लोखंडी खांब उघडे ठेवले आणि वर त्यांना वेलींसारखे फाटे फोडले. त्याची घरं श्रीमंतांची होती, पण १८९९ साली त्याने बेल्जियमच्या कामगार पक्षासाठी लोकगृह बांधलं. त्यात सभागृह, दुकानं, कॅफे होते. समोरचा भाग लोखंडाचा आणि काचेचा. कामगाराच्या अंधाऱ्या खोलीत जे नसतं ते उजेड आणि हवा, हीच इथली चैन, असा त्याचा हिशेब होता. १९६५ साली जगभरचे वास्तुकार विरोध करत असताना ही इमारत पाडली. तिचे लोखंडी भाग आकडे घालून काढून ठेवले होते, पुन्हा उभारू म्हणून. ते पुढे विखुरले गेले. त्याच ओर्टाच्या चार राहत्या घरांना २००० साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला.

आणि पॅरिस. तिथली भुयारी रेल्वे १९ जुलै १९०० रोजी सुरू झाली. भुयारात उतरायच्या जिन्यांना दारं हवी होती आणि ते काम एक्तोर गिमार या वास्तुकाराकडे आलं. त्याने केलं काय, तर साच्यात ओतलेल्या बिडाचे ठरावीक सुटे भाग तयार केले. कठडा, खांब, पाटी, दिवा. हवे तसे जोडा, नटबोल्ट आवळा, दार तयार. रंग जुन्या तांब्यासारखा हिरवा. दोन बाजूंना दोन उंच देठ आणि देठांच्या टोकाला कळीसारखे नारिंगी दिवे. म्हणजे ज्या यंत्राला मॉरिस शत्रू समजत होता, त्याच यंत्राने फूल रस्त्यावर आणलं. त्याखालून जायला श्रीमंत असण्याची गरज नव्हती. रेल्वेचं तिकीट पुरे होतं.

लोकांना ते लगेच आवडलं असं नाही. कुणी त्याला शेवयांची शैली म्हणून हिणवलं. ऑपेराच्या भव्य इमारतीसमोर तर गिमारचं दार नकोच म्हणून तिथे १९०४ साली दगडी कठडा घातला. पुढे फॅशन बदलली आणि त्याची कितीतरी दारं भंगारात गेली. १९३८ साली गिमार अमेरिकेला निघून गेला आणि १९४२ साली न्यूयॉर्कमध्ये वारला. १९७८ साली फ्रान्सने उरलेल्या सगळ्या दारांना संरक्षण दिलं. काचेच्या छपरासह मूळ जागी असलेलं त्याचं दार पॅरिसमध्ये पोर्त दोफिन या स्थानकावर आजही आहे.

मग गिमारने प्रश्न सोडवला का? अर्धा. वापरणाऱ्याचा. ओतशाळेत साचे भरणाऱ्या, वितळलेलं लोखंड ओतणाऱ्या माणसाला आपण कळी घडवतो आहोत हे कितपत जाणवत असेल? तो तात्यासारखाच सांधा बघत असणार.

दुसरा अर्धा सोडवायचा प्रयत्न इंग्लंडमध्ये ॲश्बी या मॉरिसच्या वाटेवरच्या माणसाने केला. १८८८ साली त्याने लंडनच्या गरीब वस्तीत कारागिरांचा संघ काढला. १९०२ साली माणसं, बायकामुलं मिळून दीडशेच्या आसपास जण घेऊन तो चिपिंग कॅम्पडेन या खेड्यात गेला. कारागिरांना शेती, शाळा, गाणी, नाटकं, आणि कामात स्वतःचं मन. पण मोठ्या दुकानांनी तशाच दिसणाऱ्या वस्तू यंत्रावर करून स्वस्तात विकायला सुरुवात केली. सहाएक वर्षांत संघ बुडाला. नंतर ॲश्बीनेच कबूल केलं, की यंत्राला वगळून आजची कला शिकवता येणार नाही.

आमच्या गिरणीचं सांगायचं तर १९८२ च्या संपानंतर ती काही नीट उभी राहिली नाही. माझी नोकरी गेली, तात्याचीही. तो गावी गेला. मी शिकवण्या केल्या, लग्नपत्रिका काढल्या. तात्याने जाताना एक गोष्ट मागितली होती, मी केलेल्या कुठल्याही फुलाचा मूळ कागद. मी त्याला जास्वंदीचा दिला. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, ‘‘सांधा इथे आहे होय! आम्हाला वाटायचं, इकडे.’’ मला तेव्हा वाटलं, हे आधी का नाही केलं? अकरा वर्षं आम्ही एका कुंपणात काम केलं. माझ्या टेबलापासून त्याच्या मशिनपर्यंत दोन जिने उतरायचे होते. कागद घेऊन मी एकदाही खाली गेलो नाही आणि त्याला वर बोलावलं नाही. त्यासाठी ना समाजवाद लागत होता, ना पैसा.

परवा नातीने चहा दिला, तर कपावर ओळखीचे पक्षी. ‘स्ट्रॉबेरी थीफ’! मॉरिसला जाऊन सव्वाशे वर्षं उलटली, त्याच्या नक्ष्या आता कुणीही छापाव्यात. त्या उशीच्या अभ्र्यांवर, मोबाइलच्या पाठीवर, पिशव्यांवर सगळीकडे दिसतात. नात म्हणाली, फार महाग नाही आजोबा, ऑनलाइन घेतला. एका परीने त्याची इच्छा पुरी झाली. चोर पाखरं गरिबांच्याही घरात शिरली.

चहा संपल्यावर मी कप उलटा करून पाहिला. खाली किमतीची चिकटपट्टी होती. तो कुठे बनला, कुणी छापला, याबद्दल तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. मी नातीला तेवढं एकच विचारलं. ती म्हणाली, ‘‘खरंच की, शोधून सांगते.’’ अजून शोधते आहे.